नवस तुमचा, फेडणारी मी

४ मार्च

बाबा,

'तीर्थरूप' लिहायला पेन उचलत नाही, म्हणून नुसतंच बाबा.

आईने फोनवर तुमचे निरोप दिले. मासिकाचा एप्रिलचा अंक अडकलाय, शंकांची वही सापडत नाही, आणि मी या वयात हे काय थेर चालवलेत. पहिल्या दोनांची उत्तरं देते. वही तुमच्या टेबलाच्या दुसऱ्या खणात आहे, प्रश्न क्रमांक ९३६ पर्यंत नोंदले आहेत. कात्रीही तिथेच आहे. ती फक्त पत्रं कापायला आहे, नखं कापायला नाही. तुम्ही कापता, मला माहीत आहे. पंचवीस वर्षं मला त्याची शिसारी यायची, आज सांगितलं.

माझ्या जागी जो येईल त्याला पद्धत समजावून द्या. शंकासमाधानाला पत्र आलं की खालचा नाव-पत्त्याचा भाग कापायचा, मागे नंबर टाकायचा, वहीत नोंद करायची. कापलेली पट्टी पाकिटात आणि पाकीट कुलपात. तुमच्यासमोर जायचा तो नुसता प्रश्न. 'प्रश्न बघावा, प्रश्नकर्ता बघू नये' हे तुमचं ब्रीद. चर्चच्या कारभारातला पैसेवाला वडीलजन असो की भंगारवाला, वचन सगळ्यांना सारखंच लागलं पाहिजे. त्या ब्रीदाचा मला अभिमान होता. खोटं कशाला बोलू, खूप होता.

आई, हे तूच वाचून दाखवते आहेस. त्यांचा मोतीबिंदू पिकेपर्यंत तुलाच वाचायचंय. एक कर, मधलं काही गाळू नकोस. तुझी गाळायची सवय मला ठाऊक आहे.

आता तिसरा निरोप. मी का गेले, ते तुम्हाला खरंच कळलं नाही? पुस्तकाची प्रुफं आली होती. पंचवीस वर्षांतल्या निवडक दोनशे शंका आणि तुमची उत्तरं. पहिल्याच पानावर अर्पण: 'माझ्या कन्येस, जिने आपलं आयुष्य स्वखुशीने प्रभूच्या सेवेला वाहिलं.' मी ते वाचलं आणि मोरीत जाऊन ओकले. सकाळचा चहा आणि दोन बिस्किटं. परत येऊन ते पान फाडलं, बाकीची प्रुफं नीट तपासून ठेवली आणि बॅग भरली.

स्वखुशीने! मी नऊ वर्षांची होते, धाकटा सहाचा. त्याचा ताप डोक्यात गेला, आणि तुम्ही दवाखान्यात त्याच्या खाटेशी गुडघे टेकून नवस केलात की मुलगा वाचला तर मुलगी देवाची. मुलगा वाचला. आज तो टायर विकतो आणि त्याला रक्तदाब आहे. माझं लग्न नाही, माझं घर नाही, मी तुमची टंकलेखक. ही साक्ष तुम्ही मंडळीपुढे इतक्या वेळा दिलीत की पुढच्या बाकावरच्या बायका तुमच्याआधी डोळ्याला रुमाल लावायच्या. आणि मला हा नवस पहिल्यांदा कधी कळला? सव्विसाव्या वर्षी. भूगोलाचे मास्तर मला मागणी घालायला आले त्या संध्याकाळी. यात माझी खुशी कुठे होती, मला पान नंबर सांगा.

आणखी एक. आई म्हणाली की धाकट्याच्या मुलीला 'थोडे दिवस मदतीला' बोलावताय. थोडे दिवस म्हणजे किती? मलाही एकोणिसाव्या वर्षी थोडे दिवसच बसवलं होतं. छोटीला बोलावू नका.

तुमची मुलगी

१३ मार्च

बाबा,

पोस्टकार्ड मिळालं. त्यावर तुमच्या त्या मोठ्या वाकड्या अक्षरात एकच ओळ, 'उपदेशक ५:४'. देवाला नवस केलास तर फेडायला उशीर करू नकोस. लेकीला महिन्याने पत्र लिहायचं आणि त्यात 'कशी आहेस' एवढंही नाही. अध्याय, वचन, पूर्णविराम.

कशी आहे ते मीच सांगते. इस्त्रीवाल्याच्या दुकानावर एक खोली घेतली आहे. दिवसभर खालून गरम कापडाचा वास येतो. छापखान्यात प्रुफं तपासायचं काम मिळालं. औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवतात ना, त्या चिठ्ठ्या तपासते. इथे निदान दुष्परिणाम छापतात.

तुम्ही उपदेशक काढलात, मी तुम्हाला प्रश्न क्रमांक ४१२ काढते. तुमच्या पुस्तकात तो एकशे चाळिसाव्या पानावर आहे. 'सर्वोत्तम' म्हणून तुम्हीच खूण केली होती. प्रश्न असा: 'एका बापाने मुलाच्या आजारात नवस केला की मुलगी सेवेला देईन. मुलगी आता मोठी आहे आणि तिला लग्न करायचं आहे. शास्ते अकरामधल्या इफ्ताहासारखं या बापाने नवस पाळावा काय?'

तुम्ही आठ दिवस त्यावर बसलात. जेवताना वाचत होता, दाढी करताना पुटपुटत होता. मग मला सांगितलंत, घे लिहून. मला ते उत्तर पाठ आहे. लढाई जिंकलो तर घरातून पहिलं सामोरं येईल ते देवाला वाहीन, असा इफ्ताहाचा नवस, आणि सामोरी आली त्याची लेक. त्यावर टीकाकारांत दोन पक्ष आहेत, तुम्ही म्हणालात. एक म्हणतो इफ्ताहाने लेकीला खरंच होमात जाळलं, दुसरा म्हणतो जन्मभर कुमारी ठेवून सेवेला दिलं. दोन्ही पक्ष विद्वान आहेत आणि दोघेही चुकीच्या जागी खणताहेत. पहिलं विचारायचं ते हे की हा नवस देवाने मागितला होता का? नव्हता. मुलावर सुरी उगारलेल्या अब्राहामाचा हात देवाने वरच्या वर धरला. इफ्ताहाचा हात धरायला नियमशास्त्र होतं, लेवीय सत्तावीसमध्ये माणसाचा नवस सोडवून घ्यायची वाट होती, पण त्याने याजकाला विचारलंच नाही. शत्रूच्या राजाला तीनशे वर्षांचा इतिहास बिनचूक सांगणारा माणूस लेकीच्या वेळी एक वचन उघडून बघत नाही. तो दोनदा चुकला, नवस करताना एकदा आणि पाळताना पुन्हा. इब्री अकरामधल्या विश्वासवीरांच्या यादीत त्याचं नाव आहे ते त्याच्या विश्वासासाठी, या कृत्यासाठी नाही. त्या यादीत बायकांपायी वाहवलेला शमशोनही आहे, म्हणून कोणी शमशोनासारखं वागावं असं होत नाही. आणि शेवटी तुम्ही म्हणालात, 'ख्रिस्ताने स्वतःला दिलं. दुसऱ्याचं लेकरू देऊन देवाचं ऋण कोणी फेडू पाहत असेल, तर त्याला सुवार्ता अजून कळलेली नाही. बापा, मुलीला मोकळं कर.'

मी ते एका दमात टाइप केलं. इतकं खरं, इतकं स्वच्छ उत्तर त्या मासिकात ना आधी छापलं गेलं ना नंतर. आजही मी त्यातली एक ओळ बदलणार नाही. अंक निघाल्यावर कुठल्याशा गावच्या सुताराचं पत्र आलं की रडून वाचलं आणि मुलीला मोकळं केलं. तुम्ही ते पत्र सगळ्यांना दाखवत फिरलात.

बाबा, तो प्रश्न माझा होता. मी टाइप केला, मी कापला, मी नंबर टाकला. तोंडाने विचारायची छाती नव्हती, आणि तुमच्या ब्रीदावर माझा विश्वास होता. प्रश्नकर्ता दिसला नाही तर तुम्ही खरं बोलाल हे मला ठाऊक होतं, आणि तुम्ही बोललातही.

आठवतं का, अंक छापून आला त्या दुपारी मी ताटं पुसत विचारलं, 'बाबा, मग माझं काय?'

तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, 'तुझी गोष्ट वेगळी. इफ्ताह अविचाराने बोलला. मी प्रार्थनापूर्वक बोललो.'

सुताराच्या पोरीला सुटका आणि मला व्याकरण. तेव्हा राग आला नव्हता, आता येतोय. रागापेक्षा किळस म्हणणं खरं. गोड दुधात माशी मेलेली दिसावी आणि अर्धा पेला आधीच पिऊन झालेला असावा, तशी.

तुमची मुलगी

२९ मार्च

बाबा,

दोन पोस्टकार्डं आली. 'स्तोत्र १५:४' आणि '१ करिंथ ७:३८'. तुमच्याकडे कार्डांचा गठ्ठा आहे असं दिसतं.

पहिल्याबद्दल: शपथ वाहून स्वतःचं नुकसान झालं तरी जो बदलत नाही तो धन्य. स्वतःचं, बाबा. तुमचं काय नुकसान झालं ते कळवा. गरम पोळी, इस्त्रीचा सदरा, वेळेवर अंक आणि औषधाच्या गोळ्या मोजून देणारी मुलगी मिळाली तुम्हाला. असलं नुकसान प्रत्येकाला होवो.

दुसऱ्याबद्दल मात्र तुम्हाला लाज वाटायला हवी होती. करिंथच्या त्या वचनात पौल बापाला सांगतोय की वाग्दत्त वराला, हा जुना वाद आहे. प्रश्न १८७ मध्ये तुम्ही दोन्ही बाजू मांडून लिहिलंत की वराचा अर्थ जास्त पटतो, आणि या वचनावरून बापांनी मुलींचा निकाल लावू नये. ते उत्तरही मीच टाइप केलं. आता मुलगी घर सोडून गेल्याबरोबर तुम्हाला बापाचा अर्थ पटायला लागला! वारा येईल तसं सूप धरायचं, हे शेतातल्या बाईला शोभतं. वचनाच्या सेवकाला नाही. आणि अर्थ कुठलाही घ्या, आदल्याच वचनात पौल म्हणतो की मनावर कसली जबरी नसेल तर. तेवढे शब्द तुम्ही झाकून ठेवलेत.

कोणी म्हणेल बाईचा विश्वास उडाला. उडालेला नाही. मी रविवारी इथल्या छोट्या मंडळीत मागच्या बाकावर बसते. वचन मला अजून तितकंच खरं वाटतं, म्हणून तर ते तुमच्या हातात बघून मळमळतं.

आता खरं बोलायचं ते. आईने काल फोन केला. छोटी तुमच्याकडे कायमची येणार आहे, आणि सत्तावीस एप्रिलच्या रविवारी मंडळीपुढे तिचं समर्पण आहे. तुम्ही धाकट्याला म्हणालात की नवस उघडा पडलाय, घरातलं कोणीतरी तो भरून काढायला हवं. नवस म्हणजे काय रिकामी झालेली नोकरी आहे? एक गेली की दुसरी बसवायची?

ती अठरा वर्षांची आहे. टायरकडे नुसतं बघून माप सांगते. चाकाचं बॅलन्सिंग तिच्या बापापेक्षा चांगलं करते, हे त्याची गिऱ्हाइकंच सांगतात. तिला देवाने बोलावलं असेल तर ती जाईलच, मी आड येणार नाही. पण बोलावणारे तुम्ही आहात.

माझं काय व्हायचं ते होऊन गेलं. मला परत बोलवायचे जे काय प्रयत्न चाललेत ते सोडा. मला एकच हवंय. छोटीला सोडा.

तुमची मुलगी

९ एप्रिल

बाबा,

धाकट्याच्या दुकानात जाऊन आले. त्याने फोन करून तुम्हाला मीठमसाला लावून सांगितलंच असेल, पण माझ्याकडूनही ऐका.

तो गल्ल्यामागे बसला होता, हात काळे, पोट पुढे. मला बघून उठला आणि खुर्ची पुसली. तेवढं त्याचं चांगलं आहे, खुर्ची पुसतो.

मी म्हटलं, 'पोरीला पाठवू नकोस.'

'ताई, मी काय तिला विहिरीत ढकलतोय का? आजोबांकडेच चाललीये. इथे राहिली तर दिवसभर जॅक आणि पाने. उद्या लग्नाच्या बाजारात काय सांगू, मुलगी पंक्चर काढते?'

'समर्पण झालं की लग्नाचा प्रश्नच मिटतो. तुझी तेवढीच कटकट वाचली.'

त्याने गल्ल्याचा खण बंद केला. मग हळूच म्हणाला, 'गेली अठरा वर्षं ऐकत आलोय की तुझ्यामुळे मी जगलो. नाताळ असो की वाढदिवस असो, तू समोर आलीस की मला आपलं चोरासारखं वाटतं. मी मागितलं होतं का गं? सहा वर्षांचा होतो मी. आता बाबा म्हणतात नवस मोडलाय. परवा डॉक्टरने बीपी बघितलं आणि म्हणाला, जपा. ताई, मी घाबरलोय. हसू नकोस.'

मला हसू नाही आलं. टायर विकणारा एक्केचाळीस वर्षांचा माणूस आपला जीव वाचवायला पोटची पोर पाठवतोय, आणि त्याला वाटतंय ही भक्ती आहे. ही भीती त्याच्यात कोणी भरली ते तुम्हाला सांगायला नको. माझ्यातही तीच होती. लोकांना वाटतं मी देवाला भिऊन थांबले. मी धाकट्याच्या जिवाला भिऊन थांबले. मास्तरांना नाही म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मास्तर नव्हतेच, सहा वर्षांचा तापलेला पोरगा होता. मास्तर तसे काही राजपुत्र नव्हते, खाताना तोंड उघडं ठेवून बोलायचे. पण नाही म्हणायचं तर मी माझ्या मनाने म्हटलं असतं.

छोटी मागे चाक फिरवत उभी होती. मी जवळ गेले तर तिने यंत्र बंद केलं नाही. त्या आवाजातच म्हणाली, 'आत्या, मला जायचं नाहीये. पण पप्पा जगले ते त्या नवसामुळेच ना? मग मी नाही म्हटलं आणि पप्पांना काही झालं तर?'

अठरा वर्षांपूर्वी मी हेच वाक्य मनात म्हटलं होतं, शब्द न् शब्द. तिला काय सांगणार होते? 'देव लेकरं ओलीस ठेवत नाही' असं ४१२ मध्ये तुम्हीच लिहिलंय, ते सांगितलं. ती म्हणाली, 'आजोबा म्हणतात ते वेगळं होतं.'

मी बसने परत आले. रस्ताभर हाताला ग्रीसचा वास येत होता आणि मला स्वतःची घाण वाटत होती. मी पंचवीस वर्षं त्या टेबलाशी निमूट बसले म्हणून आज ती पोर माझ्याकडे बघून म्हणू शकते की बसता येतं, बघा, आत्या बसली.

मुलगी

१८ एप्रिल

बाबा,

मंगळवारी सकाळी आई माझ्या खोलीवर आली. एकटी, दोन बस बदलून. तुम्हाला 'दाताच्या डॉक्टरकडे जाते' सांगून निघाली होती. पायऱ्या चढून धापा टाकत कॉटवर बसली आणि म्हणाली, 'तुझं ते दुकानाचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. गाळलं नाही. पण आता इथून पुढे मी वाचणार नाही. माझं तोंड विटलंय.'

मग तिने पिशवीतून एक फोटो काढला. तुम्हाला तो दिसणार नाही, पण आठवेल. परिषदेचा सामुदायिक फोटो, तीन रांगा, दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथे तुम्ही, छातीला बिल्ला. खाली छापलंय: 'वार्षिक बायबल परिषद, १० ते १६ ऑगस्ट'. धाकट्याच्या आजाराचं वर्ष. सोबत दवाखान्याचा कागद: दाखल ११ ऑगस्ट, घरी सोडलं १५ ऑगस्ट.

मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. प्रुफं तपासणाऱ्या बाईला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही. तरी मी आईला विचारलं, 'मधे एखाद दिवस आले असतील?'

'रात्रीचा प्रवास होता तो, जायला एक रात्र, यायला एक रात्र. ते सतराला आले. मी तारही केली नव्हती. पोराकडे बघू का पोस्टात जाऊ? आले तेव्हा धाकटा अंगणात चेंडू खेळत होता. मी दारातच सांगितलं, असं असं झालं, आता बरा आहे. ते म्हणाले, "प्रभूची स्तुती असो," आणि आंघोळीचं पाणी मागितलं.'

म्हणजे खाट नव्हती, गुडघे नव्हते आणि नवसही नव्हता. तुम्हाला पोरगा आजारी असल्याचं कळलं तेव्हा पोरगा बरा झालेला होता.

'मग नवस?' मी विचारलं.

'मी पहिल्यांदा ऐकला तो मास्तर आले तेव्हा. तुझ्यासारखाच. ते आत आले, पाणी प्यायले, बाहेर गेले आणि बोलले. मला वाटलं वेळ मारून नेताहेत. पुढच्या रविवारी तेच मंडळीत सांगितलं. त्यानंतर दर वर्षी. आता विचारशील तर त्यांना ती खाट दिसते.'

'आणि तू पहिल्या बाकावर बसून ऐकत राहिलीस.'

तिने फोटो उलटा करून ठेवला. मग म्हणाली, 'तू गेली असतीस तर मी त्या घरात त्यांच्याबरोबर एकटी उरले असते. मला सोबत हवी होती. हे माझं पाप आहे, तुला सांगायला आले.'

मी तिला चहा दिला. मिठी मारली नाही, मला जमलं नाही. खाली इस्त्रीवाल्याने तिला बसस्टॉपपर्यंत सोडलं.

बाबा, मी दोन दिवस हे पत्र लिहीत होते. पहिले तीन कागद शिव्यांनीच भरले, ते फाडले. इफ्ताहाने बिचाऱ्याने नवस तरी केला होता! त्याने कपडे फाडले, तो रडला. तुम्ही तर मुळात नसलेला नवस माझ्याकडून अठरा वर्षं फेडून घेतलात, आणि वर पुस्तक मलाच अर्पण केलंत. मी देवाची म्हणून राहिले होते. मला तुम्ही देवाला दिलंच नव्हतं, स्वतःकडे ठेवलं होतं, पावती मात्र देवाच्या नावाने फाडलीत. असल्या गोष्टीला आपल्या मासिकात एक शब्द वापरतात, मी तो लिहिते आणि तुम्ही ऐका: देवनिंदा.

आई वाचणार नाही म्हणाली, म्हणजे हे पत्र आता छोटीच वाचत असणार. गेल्या आठवड्यापासून ती तुमच्याकडे आहे.

छोटी, ऐक. आजोबा 'पुरे' म्हणाले तरी हा परिच्छेद संपव. तुझे पप्पा कोणाच्या नवसाने जगले नाहीत. औषधाने जगले, तुझ्या आजीने चार दिवस कपाळावर पट्ट्या ठेवल्या त्याने जगले, आणि देवाने काही न मागता जगवलं म्हणून जगले. तू हो म्हण नाहीतर नाही म्हण, त्यांच्या जिवाला त्याने काही होणार नाही. त्यांना फक्त मीठ कमी करायला सांग. मी तुला ये म्हणत नाही आणि राहा म्हणत नाही. एकदा कोणीतरी माझ्यासाठी ठरवलं होतं, ते मी तुझ्यासाठी करणार नाही. पण भिऊन राहू नकोस.

आणि बाबा, तुमच्यासमोर ती आत्ता उभी आहे. तिला तीन शब्द सांगा: 'मी तिथे नव्हतो.' संदर्भ नको, वचन नको. एवढं म्हणालात तर मी पुन्हा कधी काही मागणार नाही, तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनला येईन आणि पट्टी सुटेपर्यंत उशाशी बसेन.

मुलगी

२३ एप्रिल

बाबा,

हे पत्र कोण वाचून दाखवेल ते माहीत नाही. मंडळीतलं कोणी असेल तर त्यांना नमस्कार, आणि त्यांनी मधेच थांबू नये.

छोटी काल दुपारी आली. पाठीवर बॅग, हातात पान्यांची पेटी. तिनेच सगळं सांगितलं. तुम्ही तिला तारखांचा परिच्छेद पुन्हा वाचायला लावलात. मग पुन्हा. तीन वेळा. तिला वाटलं आजोबा रडतील, म्हणून तिने पाण्याचा पेला जवळ सरकवून ठेवला.

तुम्ही म्हणालात, 'तारखा बरोबर आहेत.'

ती पुढच्या शब्दांसाठी थांबली.

मग तुम्ही म्हणालात, 'पण रविवारचं सगळं ठरलंय. बाहेरून वक्ते यायचे आहेत. लोकांना काय सांगणार?'

तिने पत्राची घडी घातली, तुमच्या गोळ्या डबीत भरल्या, गॅस बंद केला आणि निघाली. इफ्ताहाची लेक बापाला म्हणाली होती, तू बोललास तसं माझं कर. ही म्हणाली, 'आजोबा, संध्याकाळची गोळी जेवणानंतर, आधी नाही.' आई फाटकापर्यंत आली आणि तिने पोरीच्या हातात स्वतःची शाल दिली. धाकट्याला मी कळवलंय. तो फोनवर आधी ओरडला, मग दवाखान्याचा तो कागद मागून घेतला, मग लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. म्हणाला, ताई, मी खरंच कोणाचं देणं लागत नाही का गं?

मला वाटलं होतं, हा दिवस आला की मला हलकं वाटेल. नाही वाटलं. तुम्हाला तीन शब्द मागितले होते, तुम्ही तीनच दिलेत, फक्त दुसरे. मजकुरातली चूक तपासून दिलीत आणि छपाई चालू ठेवायला सांगितलीत. ऑपरेशनला मी येणार नाही.

आज दुपारी जेवताना छोटीने भाकरी मोडता मोडता मला विचारलं, 'आत्या, तू सगळ्यांच्या तारखा तपासायचीस ना? कुठला राजा कधी झाला, पौल तुरुंगात कधी गेला. मग आजोबा तेव्हा कुठे होते हे अठरा वर्षांत एकदाही का नाही विचारलंस? आजी तर शेजारच्याच खोलीत होती.'

मी घास खाली ठेवला. तोंडाशी कितीतरी उत्तरं आली, वचनासकट. तुमच्या हाताखाली पंचवीस वर्षं काढल्यावर कुठल्याही प्रश्नाला उत्तर येतंच. ती सगळी गिळली.

तिला म्हटलं, 'माहीत नाही गं.'

९३६ प्रश्नांत आपण हे उत्तर एकदाही छापलं नाही, बाबा. तिला ते पटलं. तिने माझ्या ताटातली उरलेली भाकरी उचलली आणि खाऊन टाकली.

मुलगी